कागदाच्या मागे

जालन्याहून देऊळगाव राजाकडे निघालं की तासाभराच्या आत मराठवाडा संपतो आणि विदर्भ सुरू होतो. जमीन तीच, कापूस-सोयाबीन तेच, बोलीही फारशी बदलत नाही. तरी ही हद्द जवळपास शंभर वर्षं दोन सत्तांची हद्द होती. अलीकडे निजाम, पलीकडे इंग्रज. ती लढाईत आखली गेली नाही. लढाई याच जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यातल्या असईला, २३ सप्टेंबर १८०३ रोजी झाली. वऱ्हाड निजामाच्या हातून गेलं ते त्यानंतर ५० वर्षांनी, आणि तेही थकलेल्या देण्यापोटी.

देणं होतं फौजेच्या पगाराचं. 'हैदराबाद कंटिंजंट' नावाची फौज निजामाच्या खर्चाने, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमाखाली चाले. तिची एक छावणी जालन्याला होती. पगार निजामाने द्यायचा. तो वेळेवर निघाला नाही तर ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या खजिन्यातून भागवायचा आणि निजामाच्या नावे व्याजासकट मांडायचा. अशी बाकी साठत गेली. २१ मे १८५३ च्या तहाने गव्हर्नर जनरल डलहौसीने वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूरचा दुआब आपल्या ताब्यात घेतला. मालकी निजामाची, कारभार आमचा, खर्च भागून उरेल ते परत, अशी बोली झाली. १८६० मध्ये धाराशिव आणि रायचूर परत मिळाले, सुमारे ५० लाखांची बाकीही माफ झाली. वऱ्हाड मात्र अडकलेलंच राहिलं. १९०२ मध्ये कर्झनने ते वर्षाला २५ लाख रुपयांच्या बोलीवर कायमच्या पट्ट्याने घेतलं आणि पुढच्याच वर्षी ती फौज हिंदुस्थानच्या इंग्रजी सैन्यात सामावून गेली. जिच्या पगारासाठी मुलूख अडकला ती फौज उरली नाही, मुलूख काही सुटला नाही.

परतूर-मंठ्याकडच्या कुठल्याही जुन्या शेतकऱ्याला हा व्यवहार सांगून पाहा, त्याला समजावून द्यावा लागणार नाही. जमीन 'तुझीच' म्हणायची, कसायची मात्र सावकाराने. मुद्दल कधी फिटलं आणि व्याज कुठून सुरू झालं याचा पत्ता नाही. राज्याच्या पातळीवर आणि वावराच्या पातळीवर कर्जाची रीत एकच होती. ही रीत ज्यांनी जन्मभर अभ्यासली अशा इतिहासकारांबद्दल हे प्रकरण आहे. कर्ज हा अर्थशास्त्राचा विषय, इतिहासाचा नव्हे, असं आपल्याकडे अजून मानलं जातं. मला ते साफ चुकीचं वाटतं. निदान जालन्याचा इतिहास तरी कर्ज वगळून सांगताच येत नाही.

हैदराबादच्या सावकारीचा सर्वांत चिवट अभ्यास एका अमेरिकन बाईंनी केला. त्यांचं नाव कॅरन लिओनार्ड. विस्कॉन्सिन विद्यापीठातून १९६९ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. विषय सावकारीचा नव्हता, हैदराबादच्या कायस्थांचा होता. पण निजामाच्या महसुलाचे हिशेब राखणारी दप्तरं पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक घराण्यांकडे होती. त्यात माळवाला हे कायस्थ आणि रायरायां हे मराठी ब्राह्मण. मराठवाड्याकडचा कागद रायरायांच्या दप्तरात जाई. दप्तरदारांचा माग काढताना लिओनार्डबाईंच्या लक्षात आलं की महसूल गावातून निघतो, दप्तरात नोंदला जातो, पण खजिन्यात पोचण्याआधीच तो कुणा सावकाराच्या पेढीवर वळलेला असतो. दिवाणाने वर्षाच्या आरंभी पेढीकडून रक्कम उचलायची आणि त्या बदल्यात तालुक्यांचा वसूल तिला लावून द्यायचा. वसुलीला पेढीची अरब, रोहिले माणसं गावात जायची.

हा धागा त्यांनी पुढची चाळीस-पन्नास वर्षं सोडला नाही. १९७९ मध्ये त्यांचा एक लेख प्रसिद्ध झाला आणि मुघल इतिहासाच्या अभ्यासकांत खळबळ उडाली. मुघल साम्राज्य का मोडलं या प्रश्नाला तोवर औरंगजेबाचं धोरण, जहागिरींची टंचाई, मराठ्यांचा उठाव अशी उत्तरं दिली जात. लिओनार्ड म्हणाल्या, पेढ्यांकडे बघा. १६५० ते १७५० या शंभर वर्षांत मोठ्या सावकारांनी आपला पैसा आणि पत बादशहाकडून काढून प्रांतिक सत्तांकडे आणि पुढे इंग्रज कंपनीकडे वळवली, म्हणून साम्राज्याच्या खालचा आधार गेला. जॉन रिचर्ड्स या मुघल वित्तव्यवस्थेच्या जाणकाराने १९८१ मध्ये त्याला कडक उत्तर दिलं. मुघलांचा खजिना स्वतःच्या साठ्यावर चाले, तो सावकारांवर इतका अवलंबून नव्हता, असं त्यांचं म्हणणं. दिल्लीपुरतं रिचर्ड्स यांचं पारडं जड वाटतं. पण हैदराबादपुरतं लिओनार्ड यांचं म्हणणं खोडणं अवघड आहे. त्याच १९८१ मध्ये त्यांनी एकोणिसाव्या शतकातल्या हैदराबादच्या पेढ्यांवर लेख लिहिला आणि पेढी हीच तिथल्या राजकारणाची एक कणखर बाजू होती हे नावानिशी दाखवलं. पहिल्या सालारजंगाने १८५३ मध्ये दिवाणगिरी हाती घेतल्यावर सर्वांत आधी काय केलं असेल, तर सावकारांच्या हातातले तालुके सोडवून तिथे पगारी अधिकारी नेमायला सुरुवात केली.

या पेढ्यांमध्ये पेस्तनजी आणि विकाजी मेहरजी या तारापूरच्या पारशी भावांची पेढी आपल्या भागाला सर्वांत जवळची. वऱ्हाडचा कापूस बैलांवर लादून मुंबईला नेण्याचा व्यापार त्यांनी १८२० च्या दशकात सुरू केला. निजाम सरकारला कर्जं दिली, बदल्यात तालुक्यांचा वसूल घेतला आणि औरंगाबादची टांकसाळही चालवली. तिथे पडलेला रुपया 'पेस्तनशाही' म्हणून ओळखला जाई. एका खासगी पेढीच्या नावाचं नाणं बाजारात चालत होतं, यावरून त्या काळी राज्य आणि सावकार यांच्यातलं अंतर किती कमी होतं हे कळतं. पण दिवाण बदलला, मर्जी फिरली, तालुके काढून घेतले गेले आणि १८४० चं दशक संपायच्या आत ती पेढी बसली. सावकार नेहमीच वरचढ असतो या समजाला हे उदाहरण छेद देतं. राज्याला कर्ज देणाऱ्यापाशी तगाद्याचं साधन नसतं.

लिओनार्ड यांचं माझ्या मते सर्वांत मोलाचं काम मात्र उशिराचं, २०१३ चं आहे. विषय जुनाच होता, पामर पेढीचा. विल्यम पामर हा पुण्याच्या दरबारातल्या इंग्रज रेसिडेंटचा मुलगा, आई अवधची फैज बक्ष. त्याने हैदराबादला पेढी काढली आणि दिवाण चंदूलालच्या काळात निजामाला लाखोंनी कर्ज दिलं. भागीदारांत विल्यम रंबोल्ड होता. त्याची बायको गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जच्या घरात वाढलेली, त्यामुळे कलकत्त्याचा वरदहस्त मिळाला. १८२० मध्ये ६० लाखांचं मोठं कर्ज झालं. त्याच वर्षी रेसिडेंट म्हणून आलेल्या चार्ल्स मेटकाफने चौकशी केली, तेव्हा दिसलं की या ६० लाखांत नवा पैसा फारसा नव्हताच. जुन्या खात्यांची बाकी नव्या रोख्यात घातली होती. अखेर कंपनीने निजामाचं देणं फेडलं, ते उत्तर सरकार प्रांताबद्दल निजामाला दरसाल मिळणारी ७ लाखांची पेशकश कायमची बंद करून. पेढी लवकरच बुडाली.

इंग्रजी ग्रंथांत ही कथा दोनशे वर्षं 'इंग्रजांनी केलेला घोटाळा' म्हणून छापली गेली. लिओनार्ड यांनी भागीदारांची यादी आणि कागदपत्रं पुन्हा वाचली. बंकटीदास हा गुजराती सावकार त्यात पहिल्यापासून होता, त्याचं भांडवल होतं, त्याची ओळखपाळख होती. ही मुळात देशी धाटणीचीच पेढी होती, तिला चेहरा तेवढा अर्धा इंग्रज होता, असा त्यांचा निष्कर्ष. चौकशी करणाऱ्यांनी कागद लिहिले, म्हणून गोष्ट चौकशी करणाऱ्यांच्या नजरेने उरली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइनच्या शाखेत त्यांनी दीर्घकाळ मानववंशशास्त्र शिकवलं. पंजाबी-मेक्सिकन कुटुंबांवर आणि परदेशी गेलेल्या हैदराबादकरांवरही पुस्तकं लिहिली. पण पहिल्या प्रबंधात हाती लागलेला पेढीचा कागद त्यांनी उतारवयात पुन्हा उघडला आणि त्याच्या मागे काय दडलंय ते पाहिलं.

कागदाच्या मागे जाणं ही पुढे चक्क कायद्याची भाषा झाली, पण निजामाच्या नव्हे, इंग्रजांच्या मुलखात. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली आणि कर्जरोखे मागून घेऊन जाळले. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या ३० हून अधिक गावांत लोण पसरलं, ९५१ जणांना अटक झाली. माणसं मारण्यापेक्षा कागद जाळण्यावर जमावाचा भर होता, आणि त्यात त्यांचा अनुभव बोलत होता. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोखा तीन वर्षांत निकामी होई. कुळाला दिलासा म्हणून केलेला हा नियम सावकाराने उलटा वापरला. दर तीन वर्षांनी नवा रोखा, त्यात जुनं व्याज मुद्दल म्हणून. पामरच्या ६० लाखांत जे झालं तेच सुप्याच्या साठ रुपयांत होत होतं.

दंग्यांच्या चौकशी आयोगानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांत न्यायाधीशाला अधिकार मिळाला की रोख्यावरच्या आकड्याला न जुमानता व्यवहाराची मुळापासून चौकशी करावी. पैसे खरे किती दिले, किती परत आले, व्याज कुठे मिसळलं, सगळं तपासावं. खरेदीखताच्या नावाखाली गहाण लपवलेलं असेल तर तेही उघड करावं, अशी सोय पुढच्या दुरुस्त्यांनी झाली. तालुक्याच्या ठिकाणचा मुन्सफ इतिहासकाराचं काम करू लागला.

आयोगाचा अहवाल आहे म्हणून पुण्या-नगरच्या कर्जाचा इतिहास भरपूर लिहिला गेला. रवींदर कुमार यांनी १९६८ मध्ये या दंग्यांत रयतवारीने बदललेल्या समाजाचा ताण पाहिला. नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ मध्ये उलट विचारलं, की हे दंगे होते तेवढे मोठे होते का, की आयोगानेच त्यांना मोठं केलं. इयन कॅटनाक या न्यूझीलंडच्या प्राध्यापकाने १९७० मध्ये मुंबई इलाख्यातल्या ग्रामीण पतपुरवठ्यावर आणि सहकारी चळवळीवर पुस्तक लिहिलं. सुमित गुहा यांनी १९८५ मध्ये मुंबई-दख्खनची शेती तपासली, डेव्हिड हार्डिमन यांनी १९९६ मध्ये सावकार-कुणब्याच्या नात्याचा दीर्घ पट मांडला. आणि गोदावरीच्या अलीकडे? अंबडच्या कुणब्याला तेच कर्ज, तोच रोहिल्याचा तगादा, तसाच दुष्काळ. पण इकडे तसा आयोग नेमला गेला नाही, साक्षी छापल्या गेल्या नाहीत. म्हणून मराठवाड्याचा कर्जदार इतिहासात जवळजवळ मुका राहिला. जिथे अहवाल तिथे इतिहास, ही आपल्या इतिहासलेखनाची मोठी उणीव आहे आणि तिचा सर्वांत जास्त तोटा आपल्याच भागाला झाला.

मग आपल्याकडे काय उरलं? वह्या. जालन्याच्या मोंढ्यात पिढीजात आडत असलेल्या घरांच्या माळ्यावर लाल कापडाच्या बांधणीच्या लांब वह्या असतात. त्यांच्या पानावर छापील रेघा नसतात. कागद दुमडून सळ पाडायचे आणि त्या सळांनाच रकाने समजायचं. वर श्री, डावीकडे जमा, उजवीकडे नावे. आधी रक्कम, मग मजकूर. मृगाला बियाणं, पोळ्याला बैलांचा साज, दिवाळीला लुगडं-धोतर, मध्येच एखादं लग्न, आणि कापूस घरी आला की त्याची पट्टी जमा. शेतीचा खर्च कोणता आणि संसाराचा कोणता, असा भेद वहीत नसतो, कारण कुळाच्या आयुष्यातही तो नसतो. आज ज्याला ग्राहक कर्ज म्हणतात ते मराठवाड्यात या पानांवर फार जुन्या काळापासून आहे.

ही वही वाचायला माणूस तयार व्हावा लागतो. मारवाडी पेढीची लिपी महाजनी, ती काना-मात्रा गाळून लिहिलेली, म्हणून एकाच अक्षरजोडीतून दोन-दोन शब्द निघतात. मराठी कुलकर्ण्याचा कागद मोडीत, सरकारी कागद आधी फारसीत आणि नंतर उर्दूत. साल कुठे संवत, कुठे शके, कुठे फसली. रुपयाही एक नव्हे. निजामाचा हाली सिक्का आणि इंग्रजांचा कलदार यांचा भाव साधारण सात हालीला सहा कलदार, आणि मधला बट्टा पेढीचा. कापूस मुंबईच्या बाजारात कलदारात विकायचा आणि कुळाचं खातं हालीत मांडायचं, यात किती कमाई झाली असेल हे वही उघडल्याशिवाय कळणार नाही. १९०० मध्ये मनमाड-सिकंदराबाद रेल्वे जालन्यावरून धावू लागली, मोंढ्याला बरकत आली. या रेल्वेने कुळाचं व्याज कमी झालं की वाढलं? हा प्रश्न पदव्युत्तर विद्यार्थ्याला घालावा असा आहे, आणि त्याचं उत्तर जालन्यातच मिळेल.

निजामाच्या राज्यात पाहणी अगदीच झाली नाही असं नाही. अर्थशास्त्रज्ञ एस. केशव अय्यंगार यांनी १९२९-३० मध्ये राज्यातल्या गावांची आर्थिक तपासणी केली आणि १९४९ ते १९५१ या काळात पुन्हा केली. मध्ये, १९३७ मध्ये, भरुचा यांचा शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणावरचा अहवाल आला. स्वातंत्र्यानंतर रिझर्व्ह बँकेने देशातल्या ७५ जिल्ह्यांतली ६०० गावं पाहिली. गोरवाला समितीने १९५४ मध्ये ते आकडे मांडले, समितीत आपले धनंजयराव गाडगीळ होते. शेतकऱ्याच्या दर १०० रुपये कर्जातले सुमारे ७० रुपये सावकाराचे, सहकारी संस्थांचे ३ रुपये १० पैसे, व्यापारी बँकांचा तर एक रुपयाही पुरता नाही. घेतलेल्या कर्जातला जवळपास निम्मा भाग घरखर्चाला गेलेला. या अहवालातूनच पुढच्या वर्षी स्टेट बँक जन्मली. हैदराबादला १९४१ च्या कायद्याने स्थापन झालेली हैदराबाद स्टेट बँक नंतर तिची उपबँक झाली आणि १ एप्रिल २०१७ रोजी तिच्यात विलीन झाली. जालन्यातली जुनी माणसं आजही 'हैदराबाद बँक' म्हणतात.

जगात अन्यत्र हा विषय केव्हाच प्रतिष्ठित झाला आहे. अमेरिकेत लेंडॉल कॅल्डर यांनी १९९९ मध्ये दाखवलं की 'आमचे आजोबा कर्ज काढत नव्हते' ही समजूत तिकडेही खोटीच आहे. लुई हायमन यांनी २०११ मध्ये, सामान्य माणसाचं देणं हे विकता येण्याजोगं कसं बनलं, याचा शोध घेतला. या दोघांनी दुकानाची खाती, हप्त्यांची पुस्तकं, बँकांची परिपत्रकं असा साधा कागद धरून काम केलं. आपल्याकडे तो साधा कागदच आपण रद्दीत घालतो.

आणि कागद आजही तयार होतोच आहे. घनसावंगी, अंबड, मंठा या तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणारी जोडपी मुकादमाकडून उचल घेतात. एका कोयत्यामागे, म्हणजे एका जोडप्यामागे, किती उचल, किती टन तोडल्यावर ती फिटली, किती बाकी पुढच्या हंगामावर गेली, हा सारा हिशेब मुकादमाच्या डायरीत असतो. नवऱ्याच्या नावाने, बहुधा. कोयत्याचं दुसरं टोक धरणाऱ्या बाईचं नाव त्यात नसतं. तिच्या अंगावरून उतरलेल्या पाटल्या किंवा एकदाणी सराफाच्या गहाणवटीच्या वहीत वजनासकट उतरतात, आणि बचत गटाच्या किंवा फायनान्स कंपनीच्या आठवड्याच्या हप्त्याला तिची सही असते. घराचं खरं कर्ज या तीन-चार कागदांत वाटलेलं असतं. त्यातला एकच वाचून कुठलाही सर्वेक्षक घराविषयी बोलू लागला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

खरेदीखताआड लपलेलं गहाणही संपलेलं नाही. म्हणूनच २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यात सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाला अधिकार दिला गेला, की सावकारीतून जमीन गेल्याची तक्रार १५ वर्षांच्या आतल्या व्यवहाराबद्दल असेल आणि ती खरी ठरली, तर दस्त रद्द करून जमीन परत द्यावी. अशा चौकशीत शेतकऱ्याची बाजू बहुतेकदा लंगडी पडते ती पुराव्याअभावी. पावती नसते, व्याजाची चिठ्ठी फाडलेली असते, साक्षीदार गाव सोडून गेलेला असतो.

माझं जालनेकरांना कळकळीचं सांगणं आहे. जुनं दुकान पाडताना, वाडा विकताना, माळा रिकामा करताना वह्यांचे गठ्ठे भंगारवाल्याला देऊ नका. सावकाराच्या घरच्या असोत की कुळाच्या, लाज वाटण्यासारखं त्यांत काही नाही. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या इतिहास विभागाला किंवा राज्याच्या पुराभिलेख खात्याला कळवा, निदान पानांचे फोटो काढू द्या. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी मोडीबरोबर महाजनी शिकावी, उर्दू शिकावी. आणि ज्यांच्या घरी आज कर्ज चालू आहे त्यांनी हप्त्याची प्रत्येक पावती, उचलीची प्रत्येक नोंद जपून ठेवावी. तिची गरज उद्या निबंधकापुढे पडेल आणि परवा इतिहासकाराला.